गप्प झालेलं बाळ

बाळ गप्प झालं! या बातमीला पाय फुटले आणि दुपार कलायच्या आत सगळी इमारत दुसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीच्या दारात लोटली. जिन्यावर चपलांचा खच पडला. आत जागा नव्हती म्हणून बायका गॅलरीत टाचा उंचावून उभ्या होत्या. तळमजल्यावरचा पंक्चरवालासुद्धा काळे हात न पुसता वर आला होता. का येणार नाही? जन्मल्यापासून या बाळाने इमारतीची झोप उडवली होती. रात्र म्हणू नका, दिवस म्हणू नका, नुसता टाहो. आणि आता ते पाळण्यात चिडीचूप पडलं होतं.

"बघा, डोळे भरून बघा!" दूधमाई म्हणाली. "काल सकाळी याच पाळण्यात सावली बसली होती. आज आहे का? सांगा, आहे का?"

नाही, नाही, असं सगळे म्हणाले. सावली काल होती हे तरी कोणी पाहिलं होतं, हा प्रश्न कोणाला पडला नाही. गर्दीत असले प्रश्न पडत नसतात.

दूधमाईचा धंदा एकच. बाळ रडलं की आईच्या दुधात सावली उतरलीय असं सांगायचं, आणि ती काढायची. पांढरे कपडे, गळ्यात शिंपल्यांची माळ, आणि तोंडाचा पट्टा असा की समोरच्याला हो म्हणण्यापुरतीच जागा उरावी. पूर्वी ती दातांची पावडर विकायची, असं पंक्चरवाला सांगायचा. पण त्याचं ऐकतो कोण!

ज्या बाळासाठी हे सगळं चाललं होतं त्याची आई खाटेच्या कडेला बसली होती. पोरगी सतरा वर्षांची. बाळाचा बाप कामाच्या शोधात म्हणून दुसऱ्या शहरात गेला तो तिकडचाच झाला. पोरगीला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. बाळ रडायचं तेव्हा दया येत नव्हती, ते गप्प झालं तर आनंद नव्हता. ऊठ म्हटलं की ती उठायची, जेव म्हटलं की चार घास गिळायची. भिंतीवर ओल आली होती, तिच्याकडे ती तासन् तास बघत बसायची. लोक म्हणायचे, लहान आहे अजून, लाजते.

तिला काय होतंय हे एकदाच कोणीतरी विचारलं होतं. पहिल्यांदाच आई झालेल्या अल्पवयीन मुलींच्या घरी जायचं, बाळाला पाजायला, निजवायला, सांभाळायला शिकवायचं आणि त्या मुलीची चौकशी करायची, असं काम करणारी एक सिस्टर होती. फुकट यायची, बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत यायची. तिची पहिली फेरी झाली. ती बादली उपडी घालून तिच्यावर बसली, पोरगीशी बोलली, स्वतःचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला आणि गेली.

दुसऱ्या फेरीला पोरगीच्या आईने तिला दारातूनच परतवलं. "घरी कोणी नाही," म्हणाली. मागे दोरीवर लंगोटांची रांग वाळत होती आणि आतून बाळ इमारत डोक्यावर घेत होतं. सिस्टरने लंगोटांकडे बघितलं, आईकडे बघितलं, "बरं, पुन्हा येते," म्हणाली.

आता ही आई काही दुष्ट नव्हती बरं का. लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहून हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची, वाफेने हातांची सालपटं निघायची, आणि घरी आल्यावर नातवाला खांद्यावर घेऊन येरझारा घालायची. पण लॉन्ड्रीतल्या बायकांनी तिच्या मनात भरवून दिलं होतं की या सिस्टरबाया तपासणीला येतात. घर अस्वच्छ दिसलं, आई लहान दिसली, की बाळ उचलून नेतात. बिचारी घाबरली. खऱ्या मदतीला तिने दार लावलं आणि दूधमाईला मात्र स्वतः हात धरून घरी आणलं. माई काही तपासत नाही ना!

काल माईने परीक्षा घेतली होती. पेल्यात नळाचं पाणी घेतलं, पोरगीच्या दुधाचा थेंब त्यात सोडायला लावला. थेंब धुराच्या रेघेसारखा तळाला गेला. "बुडालं! जड दूध! सावलीचं वजन!" माईने कपाळावर हात मारला. मग हुकूम सुटले. अंगावरचं दूध बंद. पोरगीने पाणी कमीत कमी प्यायचं, म्हणजे जुनं दूध आटेल. बाळाला डब्याचं पातळ दूध द्यायचं आणि माईच्या बाटलीतलं भारलेलं पाणी चमचा-चमचा पाजायचं, रडलं की चमचा, रडलं की चमचा. आजीने इमानेइतबारे पाजलं. बाळ आधी किंचाळलं, ओकलं, आणि आज दुपारपासून गप्प झालं.

"आता शेवटची परीक्षा!" माई गर्दीला म्हणाली. तिने पेल्यात बाटलीतलं पाणी ओतलं आणि पोरगीपुढे धरलं. "सोड थेंब."

आईने पदराचा आडोसा केला. पोरगीने थेंब सोडला. तिची छाती दगडासारखी ठणकत होती, पण तेही कोणा दुसरीचं दुखत असावं तसं. थेंब बुडाला नाही. पाण्यावर पसरला आणि तरंगत राहिला.

गॅलरीपर्यंत "आई गं!" असा एकच आवाज गेला. कोणी हात जोडले, कोणी माईच्या पायाशी वाकलं.

"माझ्या भाचीचं बाळसुद्धा माईंनी असंच शांत केलं," तिसऱ्या मजल्यावरची बाई डोळे पुसत म्हणाली.

पोरगीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त तहान लागली होती. कालपासून जीभ टाळूला चिकटली होती आणि हातात पाण्याचा पेला होता. तिने तो तोंडाला लावला.

पहिल्याच घोटाला तिला उमासा आला. तिने पाणी जमिनीवर थुंकलं.

"अगं ए बये! भारलेलं पाणी ते!" माई ओरडली.

"खारट आहे," पोरगी म्हणाली.

"खारट असणारच! अश्रू आहेत ते! तुझ्या बाळासाठी वरच्याने गाळलेले अश्रू! पापी जिभेला खारट लागतात, पुण्यवंताला गोड लागतात!"

"लाव मग तू तोंडाला," दारातून पंक्चरवाला म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं. माईने काही पेला घेतला नाही.

पोरगीने तो आईपुढे धरला. "आई, हे तू त्याला पाजतेयस."

आईने बोट बुडवून जिभेला लावलं. तिचा चेहरा उतरला. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं. "किती चमचे गं दिले मी," ती म्हणाली.

पोरगीने पाळण्यात बघितलं. बाळाचे ओठ सुकले होते. डोक्यावरची टाळू आत गेली होती. गालावर बोट टेकवलं तरी ते हललं नाही. तिने मोबाइल काढला.

"सिस्टर, बाळ रडत नाही."

इतक्या लोकांना ज्या गोष्टीचा चमत्कार वाटला होता, ती ऐकून पलीकडच्या बाईचा आवाज एकदम बदलला. "केव्हापासून? लघवी केली? नाही? तशीच निघ. इस्पितळात ये, मी तिथेच पोचते. आणि त्याला आणखी काही पाजू नका!"

पंक्चरवाल्याने रिक्षा थांबवली. या गडबडीत माई कधी सटकली, कोणाला कळलं नाही. बाटली मात्र राहिली.

इस्पितळात डॉक्टरने बाटलीतलं पाणी तपासायला पाठवलं आणि आजीला समोर बसवलं. "हे बाळ शांत झालेलं नाही, आजी. याच्या अंगात मीठ चढलंय, पाणी संपलंय. रडायची ताकदच उरली नाही. आणखी थोडं पाजलं असतं तर कायमचं गप्प झालं असतं."

"मग आधी का रडत होतं?"

"भूक! पाजताना ते नीट धरलंच जात नव्हतं. पहिलटकरणीला हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं."

आजी सिस्टरकडे बघू शकली नाही. "तुम्ही आता बाळाला न्याल ना?" तिने विचारलं.

"न्यायला नाही हो, शिकवायला येते मी," सिस्टर म्हणाली. "बाळ तुमचंच आहे. दार तेवढं उघडा."

दोन दिवसांनी बाळ रडलं. काय रडलं! आजीला हुंदका आवरेना. पोरगी बघत राहिली. मग सिस्टरला हळूच म्हणाली, "मला अजून काहीच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?"

"नाही गं. बाळंतपणानंतरचं दुखणं आहे ते, मनाचं. पुष्कळ जणींना होतं. त्यालाही डॉक्टर आहेत, औषध आहे. वेळ लागेल."

आणि वेळ लागला. तिने बाळाला घट्ट धरलं आणि माया उचंबळून आली, असं काही झालं नाही. घरी परतली तेव्हाही ती भिंतीकडे बघतच बसायची. फक्त अधूनमधून सिस्टर समोर बसलेली असायची, आणि बाळ पोटभर पिऊन झोपलेलं असायचं.

पण इमारत ऐकते थोडीच! "पाण्यात काही असेल, पण थेंब तरंगला तो? आम्ही डोळ्यांनी बघितला!" अशी कुजबुज चालूच होती. एक दिवस पोरगी दोन पेले, मिठाची बरणी आणि पिशवीतलं दूध घेऊन गॅलरीत आली. एका पेल्यात साधं पाणी होतं. दुसऱ्यात तिने मूठभर मीठ टाकलं आणि निवळशंख होईपर्यंत ढवळलं. दोन्हींत चमच्याने अलगद दूध सोडलं. साध्यात बुडालं, मिठाच्यात तरंगलं.

"मिठाचं पाणी दुधापेक्षा जड असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना विजय. "म्हशीचं दूध घ्या, डब्यातलं घ्या, सगळ्यांचं तरंगतं. घरी करून बघा."

बायकांनी करून बघितलं. सगळ्यांचं तरंगलं. तिसऱ्या मजल्यावरची बाई तरी हट्टाने म्हणाली, "असेल बाई. पण माईंनी एवढी बाळं शांत केली, ती काय खोटी? माझ्या भाचीचंच बघा की."

पोरगीने पेले उचलता उचलता विचारलं, "ते बाळ आता कसं आहे?"

"शांत झालं ना!"

"तुम्ही जाऊन बघितलंत का?"

भाचीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, आणि बाळ गप्प झाल्याचा निरोप आल्यापासून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं.

मंडळी, कशावर विश्वास ठेवावा आणि कशावर ठेवू नये, याचं मोठं शास्त्र सांगायचं नाही. ऐकलंत, तर जाऊन बघा. बघितलंत, तर चाखून बघा. आणि कोणाचं रडणारं लेकरू अचानक गप्प झालं, तर हात जोडण्याआधी त्याला हात लावून बघा.

बाईने पायात चपला घातल्या, त्याही उलट्यासुलट्या, आणि धावत जिना उतरली. पोरगी कठड्यापाशी आली. "सिस्टरचा नंबर घेऊन जा!" ती खाली ओरडली. इतक्या मोठ्याने ती बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच बोलली होती.