वजनं चांगली भरली

मी शाळेचं मोठं पातेलं बोलतोय. शाळेचं म्हणतो ते सवयीनं, नाहीतर शाळा आता मला ओळखही देणार नाही. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरल्याशिवाय जागचा हलत नाही, असा माझा देह. रंग काळा. पण तो जन्मजात नव्हे. दुकानात होतो तेव्हा माझ्यापुढे उभ्या राहून बायका केस नीट करायच्या.

मला वाटायचं, आपण कुठल्यातरी लग्नकार्यात मिरवणार. नशिबात आली शाळेमागची पत्र्याची खोली, दगडांची चूल आणि ओलं सरपण. पहिल्याच दिवशी धुरानं माझं रूप घालवलं. स्वयंपाकाच्या मावशींनी मला राखेनं घासघास घासलं आणि शेवटी हात टेकले. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "तुला कुठं नवरदेव व्हायचंय."

त्यांना सगळी शाळाच मावशी म्हणायची, गुरुजींसकट. गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक, मास्तर, कारकून आणि घंटा वाजवणारा, सगळं एकच माणूस. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे. मला तर अजून येतो.

गावात बहुतेकांचं पोट वीटभट्टीवर. आईबाप उजाडायच्या आत भट्टीवर जात आणि पोरं काही न खाता शाळेत येत. माझ्यावरचं झाकण जरा हललं की सगळा वर्ग खिडकीकडे वळायचा. गुरुजी फळ्यावर काय लिहितात याच्याशी मग कुणाला देणंघेणं नसायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्यात एक मुलगी होती. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिची आई भट्टीवर विटा वाहायची. तिथला मुकादम आईच्या मागे लागलेला, "पोरीला कशाला बसवून ठेवतेस? चार विटा ती पण उचलेल." आई त्याला एकच उत्तर द्यायची, "शाळेत तिला दुपारचं जेवण मिळतं. इथं मी काय घालू तिला?" चिमणीची सगळी शाळा त्या एका ताटावर उभी होती. ताट गेलं की पोरगी भट्टीवर, हे आईला माहीत होतं, मावशींना माहीत होतं आणि गुरुजींनाही.

वर्षातून एकदा शहरातून एक बाई वजनकाटा घेऊन यायच्या. जेवण पोरांच्या अंगी लागतंय का, ते बघायला. पहिल्या खेपेला पोरं हलकी भरली. भरणारच. दुपारी इथं जेवायचं आणि रात्री घरी पाणी पिऊन झोपायचं, त्या अंगाला वजन कुठून येणार? पण वरच्या साहेबांनी गुरुजींना बोलावून विचारलं, "एवढं धान्य पाठवतो, ते जातं कुणाच्या पोटात? पोरांच्या की तुमच्या?"

गुरुजी परत आले ते थेट चुलीपाशी येऊन बसले. "मावशी, आयुष्यात कुणाच्या काडीला हात लावला नाही हो मी," म्हणाले आणि बराच वेळ धूर डोळ्यांत घेत बसून राहिले. खरंच लावला नव्हता. मी साक्षीला आहे.

पुढच्या खेपेला त्यांनी वेगळंच ठरवलं. आदल्या दिवशी पोरांना बजावलं, "उद्या घरात असतील नसतील ते सगळे कपडे एकावर एक घालून यायचं. कुणी विचारलं तर थंडी वाजते म्हणायचं." आणि मावशींना म्हणाले, "उद्या हात आखडता घेऊ नका. बाई यायच्या आत पोरांना दोनदा वाढा. वर तांब्याभर पाणी पाजा."

"गुरुजी, हे काही बरं नाही," मावशी म्हणाल्या.

"मग काय करू? पुन्हा चोर म्हणवून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी पुढच्या आठवड्याचंही धान्य माझ्यात पडलं. मी काठोकाठ शिजलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा दिवस. चिमणीनं इतकं खाल्लं की तिला भिंतीला टेकावं लागलं. "मावशी, पोट दुखतंय," म्हणाली आणि हसत सुटली. पोट भरल्यावर असं दुखतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

बाई आल्या. दोन-दोन फ्रॉक आणि वर आईचा स्वेटर घातलेली पोरं एकेक करून काट्यावर चढली. बाई घाईत होत्या, त्यांना आणखी गावं करायची होती. "वा गुरुजी, मुलं छान भरलीत," असं म्हणून त्या गेल्या. गुरुजी त्या दिवशी दारापर्यंत नाही, रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. त्यानंतरचा आठवडाभर माझ्यात पाणीच जास्त उकळलं, पण कुणाची तक्रार नव्हती. शाळेचं नाक राहिलं होतं ना.

मग साहेबांचा निरोप आला. आधी अभिनंदन, आणि त्याच्या पाठोपाठ हे, की या गावची मुलं आता सशक्त झाली आहेत, तेव्हा इथलं जेवण बंद करून जास्त गरजू गावाला देत आहोत.

मावशींच्या हातातला डाव तसाच राहिला. "गुरुजी, आजच्या आज जा आणि खरं काय ते सांगा. पोरांच्या पोटावर पाय येतोय."

गुरुजी धुतलेला शर्ट घालून गेले. संध्याकाळी आले ते मान खाली घालून. "त्यांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं मावशी. टाळ्या वाजवल्या. चहा दिला. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. खोटं केलं म्हणालो असतो तर नोकरी गेली असती."

"तुमची राहिली," मावशी म्हणाल्या. "पोरांचं काय?"

मग मावशी स्वतः गेल्या. तिथं त्यांना सांगण्यात आलं, "तुझं काम गेलं म्हणून तू बोलतेस, बाई." त्या परत आल्या, मला आतूनबाहेरून घासून पालथं घातलं आणि पुन्हा कधी त्या खोलीत आल्या नाहीत.

काही दिवस पोरं ताटल्या घेऊन येत राहिली. मग नुसती येत राहिली. मग एकेक करून यायची थांबली. गुरुजी घंटा मात्र वेळेवर वाजवायचे, दुपारचीसुद्धा.

आणि मी? धूळ खात पडण्यापेक्षा कामी येईल म्हणून गुरुजींनी मला भट्टीवाल्याला देऊन टाकलं. आता माझ्यात माती कालवायचं पाणी भरतात. तळाला गाळ साचलाय. चिमणी दिवसातून कितीतरी वेळा माझ्याजवळून जाते. तिची आई पुढे, ती मागे. मुकादम म्हणतो, पोरगी चपळ आहे. माझं बोलणं त्याला ऐकू गेलं असतं तर त्याला मी काय म्हणालो असतो, ते इथं सांगण्यासारखं नाही.

तुम्ही शहाणीसुरती माणसं आहात. पोरांचं वजन कमी भरलं की मास्तर चोर, आणि चांगलं भरलं की पोरांना अन्नाची गरज नाही, असा कायदा तुम्ही केलात. अन्नामुळे वजन वाढतं, तर वाढल्यावर अन्न काढून घ्यायचं, हे माझ्यासारख्या रिकाम्या भांड्यालाही सुचलं नसतं.

तरी एक विनंती करतो. पुन्हा एकदा या. त्या बाईंना पाठवा, काटाही आणा. चिमणी आता शाळेत सापडायची नाही, इथं भट्टीवर या. फक्त काट्यावर उभी करायच्या आधी तिच्या डोक्यावरच्या विटा उतरवून घ्या, नाहीतर वजन पुन्हा चांगलं भरेल.