छावणीच्या मैदानावरचा ताकाचा गंज

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना गंज आहे. लोखंडाला चढतो तो गंज नव्हे. आमच्या मराठवाड्यात रुंद तोंडाच्या खोल पातेल्याला गंज म्हणतात. माझ्यात वीस शेर ताक सहज मावतं. माझा काठ एका बाजूला चेपलेला आहे आणि बूड काळं पडलं आहे. मला पाहून कुणी थांबत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण माझ्यामुळे एकदा एक गोष्ट घडली. ती तुम्हाला सांगावी म्हणून बोलतो आहे.

पोलिस ॲक्शन झाली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कासारी बाजारातल्या एका दुकानात मी तयार झालो. कारागीर पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. पितळेला पहिले काही टोले लागतात. पुढे काही वाटेनासं होतं.

मला विकत घेतलं ते पडेगावच्या सोनाजी धनगराने. दोन बकऱ्या विकून आलेले, तेव्हा आमच्याकडे चालणारे हाली रुपये त्याने कनवटीतून काढून दुकानदारापुढे ठेवले आणि माझ्या गळ्याखाली नाव घालून घेतलं, ‘सोनाजी मुंजाबा, पडेगाव’. सोनाजी वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ असायचा. घरी त्याची बायको म्हाळसाबाई आणि तीन म्हशी. मी तिच्यासाठीच आलो होतो.

म्हाळसाबाईने मला आधी शहरालगतच्या छावणीत गफूरमियाँ कल्हईवाल्याकडे नेलं. त्यांनी मला भट्टीवर लाल होईपर्यंत तापवलं, आत नवसागर टाकला, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने भराभर पुसलं. पिवळा होतो तो आतून चांदीसारखा पांढरा झालो.

“बाई, ये सफेदी जब तक है, तब तक खट्टा रखो,” गफूरमियाँ म्हणाले. “पीला दिखा तो मेरे पास लाव. पितल में खट्टा रखे तो जहर उतरता. लोगां बीमार पडते.”

म्हाळसाबाईने मान हलवली. पुढची नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी ती मला न चुकता त्यांच्याकडे नेत राहिली.

छावणीच्या मैदानावर तेव्हा सतत काही ना काही चालायचं. कधी सर्कस, कधी जादूचे प्रयोग, कधी कुस्त्या. उन्हाळ्यात सर्कशीचा तंबू महिनाभर मुक्कामाला असे. म्हाळसाबाई मला डोक्यावर घेऊन पडेगावाहून चालत यायची आणि कडुलिंबाखाली बसायची. ताकात जिरं, मीठ, कोथिंबीर. एक आण्याला ग्लास, आणि कुणी रिकामा ग्लास पुढे केला तर वर थोडं फुकट. तंबूच्या दाराशी पाण्याचा रांजणही होता, त्यातलं पाणी कुणीही प्यावं.

पुंजाराम नावाचा एक म्हातारा टांगेवाला छावणीत राहायचा. घोडा म्हातारा झाल्यावर त्याने टांगा सोडला होता. दर रविवारी दुपारचा खेळ पाहायला तो यायचा आणि आधी आमच्याकडे थांबायचा.

“म्हाळसाबाई, हत्ती तेच, वाघ तेच. मी तुझ्या ताकासाठी येतो बघ,” असं तो म्हणायचा.

ती हसायची. ती हसली की मला बाहेरून पालथा हात लावून बघायची, गार आहे का ते. ते दिवस चांगले होते. तसं मी तेव्हा कधी म्हणालो नाही.

मग नवे पैसे आले आणि त्याच सुमारास मैदानाला पत्र्याचं कुंपण पडलं. कुंपणाच्या आत खाण्यापिण्याचा ठेका आप्पासाहेब नावाच्या माणसाने घेतला. बाहेरचं काही आत न्यायचं नाही असा नियम झाला. पाण्याचा रांजण उचलून नेला. खेळ दोन-अडीच तासांचा, भोवती पत्रे, वर कापड, आत भट्टीसारखी धग. तहान लागली की आप्पासाहेबांच्या दुकानाशिवाय इलाज नव्हता. तिथे कालचे वडे आज पुन्हा तळून निघत. सरबत म्हणजे रंग, सॅकरीन आणि बर्फ. पंचवीस नवे पैसे ग्लास. खाली जमिनीवर बसून सर्कस पाहायचं तिकीटही तेवढ्यालाच होतं.

म्हाळसाबाई कुंपणाबाहेर बसून राहिली. पण लोक आता थेट दारातून आत जात. ताक उरू लागलं. आठवड्याभराने आप्पासाहेब स्वतः कडुलिंबाखाली आले.

“बाई, इथं माश्या मारत बसण्यापरीस आत ये,” ते म्हणाले. “रोजाचे पैसे देतो. तुझं ताक, तुझं भांडं. लोक तुला वळखतात.”

ती आत गेली. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. म्हशींना वैरण रोज लागते.

पण आत गेल्यावर ताक तिचं राहिलं नाही. एका गंजाचे दोन गंज करायचे, असा हुकूम होता. पाणी ओतायचं, आंबटपणा कमी पडला की लिंबाचं फूल, म्हणजे ते पांढरे आंबट खडे, टाकायचं, वरून बर्फ. उरलेलं फेकायचं नाही, त्यातच दुसऱ्या दिवशीचं ओतायचं. मी रात्रंदिवस भरलेला राहू लागलो. लिंबाच्या फुलाने माझी कल्हई महिन्याभरातच उडाली. आधी तळाशी रुपयाएवढा पिवळा डाग दिसला, मग भाकरीएवढा.

“मालक, कल्हई उडाली,” म्हाळसाबाई म्हणाली. “तळ पिवळा दिसाय लागलाय. उद्याच्याला गंज नेते कल्हईवाल्याकडं.”

“आन् उद्या काय वंजळीनं ताक वाढती का?” आप्पासाहेब म्हणाले. “सर्कस जाऊ दे. मग ने.”

गफूरमियाँ एकदा खेळाला आले होते. ग्लास घेण्याआधी त्यांनी सवयीने माझ्यात डोकावून पाहिलं आणि ग्लास परत ठेवला. आप्पासाहेबांना त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, “साब, एक दिन का काम है. पैसे मत देव मेरेको. भेज देव बस.” आप्पासाहेब हसले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

शेवटचा रविवार उजाडला. शनिवारचं ताक माझ्यात रात्रभर होतं. म्हाळसाबाईने झाकण काढलं तर वरच्या पाण्याला हिरवट झाक होती. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. तिचं तोंड आखडलं. ती थुंकली.

“मालक, हे कळकलंय, पितळ उतरलंय ह्यात. वतून देऊ.”

“वतून देऊ?” आप्पासाहेबांनी तंबूच्या दाराकडे बोट केलं. बाहेर उन्हात दीड-दोन हजार माणूस उभं होतं. “आज शेवटचा खेळ हाय. बर्फ टाक वरून. गार असलं की चव कळत नाय कुणाला.”

ती उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिने ताजं ताक माझ्यात ओतलं, बर्फाचा गोळा टाकला आणि ताक वाढायचा पत्र्याचा मग हातात घेतला. मित्रांनो, मी भांडं आहे. मला ओरडता येत नाही. पण तिला बोलता येत होतं, आणि ती एकदा बोलून गप्प झाली.

पहिला आला पुंजाराम. दोन ग्लास प्यायला.

खेळ निम्मा झाला होता. हत्ती स्टुलावर बसला होता. तेवढ्यात खालच्या रांगेतून एक बाई ओकत बाहेर आली. मग दोन पोरं. मग माणसं एकमेकांना ढकलत दाराकडे धावली. पोट धरून लोक कुंपणापाशी बसले. मिळेल त्या टांग्यात, बैलगाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. बेचाळीस माणसं होती. म्हाळसाबाई दुकानाच्या फळीमागे उभीच होती. तिच्या हातातला मग मी अजून पाहतो. तिने तो खाली ठेवला नव्हता.

संध्याकाळच्या आत फौजदार आले. शिपायाने उरलेलं ताक बाटलीत भरून घेतलं, मला पालथं केलं आणि माझ्या गळ्याखालचं नाव मोठ्याने वाचलं.

आप्पासाहेब लगेच म्हणाले, “साहेब, भांडं तिचं, ताक तिचं. मी नुसती जागा दिली.”

फौजदारांनी म्हाळसाबाईकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं ती रडेल, पाया पडेल. तिचा आवाज मात्र पाणी मागितल्यासारखा साधा होता.

“व्हय. भांडं माझं. नाव माझ्या मालकाचं. ताक कळकलंय हे मला चव घेऊन कळलं व्हतं. ह्यांनाबी सांगितलं व्हतं. तरी मी वाढलं.”

एकेचाळीस माणसं बरी झाली. पुंजाराम तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी लिहिलं की वय झालं होतं, ताकानेच गेला असं म्हणता येत नाही.

मी वर्षभर कोर्टाच्या कोठारात पडून होतो. शेजारी एक कुलूप, दोन सायकली आणि एक रक्त लागलेली कुऱ्हाड.  खटल्यात गफूरमियाँनी येऊन खरं ते सांगितलं. आप्पासाहेबांना दंड झाला आणि ठेका गेला. म्हाळसाबाईला कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. ती संध्याकाळी पाचपर्यंत बाकावर बसली. मग शिपायाने मला तिच्या हवाली केलं.

ती घरी गेली नाही. मला कमरेवर घेऊन ती थेट छावणीत पुंजारामच्या घरी गेली. त्याची बायको दगडाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने म्हाळसाबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ह्यातलंच का?”

“व्हय.”

दगडाबाई तांदूळ निवडत राहिली. निवडता निवडताच म्हणाली, “दवाखान्यात बोलत व्हते. म्हणाले, ताक आज वंगाळ लागलं. थुंकणारच व्हतो. पण म्हाळसाबाईचं हाय म्हणलं, पिऊन टाकलं.”

म्हाळसाबाईने मला कमरेवरून खाली ठेवलं.

“तुला कळलं व्हतं का गं?”

“व्हय. कळलं व्हतं.”

दगडाबाईने सूप बाजूला ठेवलं. ती चिडली नाही, रडलीही नाही. “मग जा आता,” एवढंच म्हणाली.

पडेगावला आल्यावर म्हाळसाबाईने मला अंगणात पालथं घातलं. सोनाजी मेंढरं घेऊन परतला, त्याने सगळं ऐकलं आणि म्हशी विकायचं ठरवलं. तिने नको म्हटलं नाही. ती खडी फोडायच्या कामाला जाऊ लागली. सकाळी भाकरी थापायची, संध्याकाळी भाकरी थापायची. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून बोलायची नाही. माझ्यावर कोंबड्या बसत. पाऊस पडला, ऊन पडलं, पुन्हा पाऊस पडला. तिला काय वाटत होतं ते मला माहीत नाही. मला स्वतःला काय वाटत होतं तेही धड सांगता येत नाही. एवढंच माहीत होतं की त्या ताकात जे उतरलं ते माझंच अंग होतं.

मी घरी परतल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा सर्कस आली. ठेका कारभारी नावाच्या नव्या माणसाकडे होता. पत्र्याचं कुंपण तेच, आत पाणी नाही, आणि ग्लास आता तीस पैशांना. खडीच्या कामावरच्या बायकांनी हे सांगितलं तेव्हा म्हाळसाबाई भाकरी खात होती. ती अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने मला राखेने घासलं आणि गफूरमियाँकडे नेलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी पुन्हा आतून पांढरा झालो. मग तिने मला विहिरीच्या पाण्याने भरलं आणि कुंपणाच्या दाराशी नेऊन ठेवलं. येईल त्याला पाणी, फुकट. लोक थांबून पिऊ लागले.

घटकाभरात कारभारी बाहेर आला. “ए म्हातारे, धंद्याच्या टायमाला दारात बसू नको. ऊठ.”

“उठते,” म्हाळसाबाई म्हणाली. “आधी तुझी भांडी बघू दे.”

“तू कोण बघणारी?”

म्हाळसाबाई उठली आणि सरळ आत गेली. दारातून मला सगळं दिसत होतं. फळीवर लिंबाच्या सरबताचं मोठं पितळी पातेलं होतं. तिने बाही वर सारली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि बर्फ बाजूला केला. तळ पिवळाधमक होता. तिने दोन्ही हातांनी काठ धरला आणि पातेलं पालथं केलं. सरबत फळीवरून खाली, कारभाऱ्याच्या पायांवर, मातीत गेलं. रांगेतली माणसं मागे सरली.

“पोलिसाला बोलवा!” कारभारी ओरडला.

“बोलव,” म्हाळसाबाई म्हणाली. “मी हितंच बसते. त्यांनाबी तळ दाखव.”

आणि ती पालथ्या पातेल्याशेजारी जमिनीवर बसली. रांगेतल्या एका बाईने वाकून ते पातेलं उलटलं आणि आत पाहिलं, मग दुसरीने. हातातले ग्लास लोकांनी फळीवर परत ठेवले. पोलिसाला कुणी बोलवायला गेलं नाही.

दोन दिवसांनी कारभाऱ्याने सगळी भांडी कल्हई करून आणली. पाण्याचा रांजणही ठेवला. सरबताचा भाव मात्र तीस पैसेच राहिला. म्हाळसाबाई त्यानंतर हसू लागली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती हसली नाही. पण सर्कस होती तोवर रोज कामावरून येताना ती मैदानावर जायची, कारभाऱ्याच्या भांड्यांत हात घालून पाहायची आणि घरी यायची. कारभारी तिला पाहिल्यावर आपणच झाकणं काढून ठेवू लागला.

मित्रांनो, तुम्ही जत्रेला जाल, सर्कशीला जाल, सिनेमाला जाल. तहान लागेल, भूक लागेल. तिथे चार पैसे जास्त द्यावे लागले तर द्या, नाइलाज असतो. पण वाढणाऱ्याला भांड्याचा तळ दाखवायला सांगा. तो चिडला तरी सांगा. आणि तुम्हीच कधी वाढायचा मग हातात घेऊन उभे राहिलात आणि जिभेला वाईट चव लागली, तर एकदा बोलून गप्प बसू नका. ओतून द्या. आम्हा भांड्यांना स्वतःहून पालथं होता येत नाही.