धन्यानं उचललेला बेलभंडार

जीभ जड झाली आहे, पण अजून बोलता येते. अकोल्याचे डॉक्टर म्हणतात, हळूहळू तेही जाईन. म्हणून आत्ताच सांगून टाकते. मी गेल्यावर हे गाव सांगत बसन, अन् गावाच्या सांगण्यात तिखटमीठ लय असते.

मी कौशल्या. पातूरच्या अलीकडे आमचं गाव, काळ्या मातीचं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाई, पण गोष्टच त्यायची आहे, तं एक वेळ घेते: सूर्यभान. याच्यापुढं धनीच म्हणीन.

तिकडे अमेरिकेत गोऱ्यागोऱ्यायची लढाई लागली अन् इकडे आमच्या कापसाले भाव चढला. माणसं गाड्या भरून अमरावतीले जाऊ लागले. कापूस विकला की कोणी बायकोले लुगडं आणे, कोणी देवाले घंटा आणे, अन् काही दिवटे नायकिणीची माडी चढूनच परत येत. मंग काही दिवसानं घरच्या बाईच्या अंगावर चट्टे, तोंडात फोड. गरमी म्हणतात त्या रोगाले. पहिले हा रोग फौजेतल्या शिपायाले होते असं ऐकलं होतं, आता आळीआळीत होऊन राहिला होता. म्हणून माझ्या डाव्या गालात आतून जखम झाली तवा वैद्याले विचारायची कोणाले गरजच पडली नाई. विहिरीवरच निकाल लागला. शेजारची गोदाबाई तं मले ऐकू येईन अशा बेतानं म्हणाली, सूर्यभान दिसते गरीब, पण गरीब गायच शेत खाते.

मले असा राग आला म्हणून सांगू! धनी घरी आले तं मी ताटच वाढलं नाई. त्यायनं शपथा घेतल्या, मी ऐकल्या नाईत. मंग माझा भाऊ जानराव काठी घेऊन आला. धनी त्याच्याशी भांडले नाईत. आंघोळ केली, ओल्या धोतरानं महादेवाच्या देवळात गेले अन् पंचायसमोर बेलभंडार उचलला. हातात बेलाचं पान अन् हळद धरून म्हणाले, माडीची पायरी चढलो असन तं माझ्या माणिकचं वाटोळं होवो. माणिक आमची एकुलती एक पोर. तिच्यावर जीव टाकणारा माणूस, तिच्या नावानं खोटा बेलभंडार उचलन? महादेवराव पाटलानं स्वतःच्या लोट्यातलं पाणी धन्याले पाजलं. जानरावनं काठी खाली टाकली. मीही त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या केल्या.

पण जखम काही पोळ्या पाहून जाते का? हळद लावली, तूप लावलं, वैद्याचा काढा झाला. ती वाढतच गेली. शेवटी धन्यानं बैलं जुंपले अन् मले अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथचे डॉक्टर मोरोपंत, पुण्याकडचे बामण, मुंबईले शिकलेले. माणूस मोठा इरसाल. कोणी पायाचं गळू घेऊन येवो की पोराचा ताप घेऊन येवो, हे पहिले म्हणत, तोंड उघडा. मंग विचारत, तमाखू खाता का, अन् बार कोणत्या गालात धरता. बाजाराच्या दिवशी बाहेर उभं राहून कापसाच्या गाडीवाल्यायचेही तोंडं पाहत. लोक त्यायले तोंडपाहे डॉक्टर म्हणत अन् हसत. मलेही तेच विचारलं. मी सांगतलं, डाव्या गालात, लहानपणापासून, निंदणाले जातानाही अन् झोपतानाही. आमच्याकडे बायायचं तसंच असते, चुना लावून बार धरला की भूकही मरते अन् दाढही दुखत नाई. डॉक्टरनं बोट घालून जखमेची कड दाबली, मंग जबड्याखाली गळा चाचपला.

मले बाहेर बसा म्हणाले. मी म्हटलं, तोंड माझं आहे, मी इथंच बसते.

“बरं, बसा,” डॉक्टर म्हणाले. “अशी जखम दोन रोगांनी होते. एक गरमी. ती पाऱ्याच्या गोळ्यांनी बरी होते. दुसरा अर्बुद, इंग्रजीत त्याला कॅन्सर म्हणतात. त्याला गोळी नाही. तो कापून काढायचा, आणि गळ्यात गाठ यायच्या आत काढायचा. तोंडात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून यजमानांनी मला खरं काय ते सांगावं.”

धन्यानं सांगतलं, नाई गेलो. डॉक्टरनं मान हलवली. म्हणाले, मलाही अर्बुदच वाटतं. गोळ्या खाऊनही ज्यांची जखम जात नाही, त्यांची जखम जिथं तमाखूचा बार असतो नेमकी तिथंच असते, असं मी पाहत आलो आहे. छातीठोक सांगावं इतकं अजून पाहिलं नाही. पण थांबू नका, याच आठवड्यात गाल कापू. औषध हुंगवून झोपवतो, कळणार नाही.

कळणार नाई म्हणे! गाल कापल्यावर माणूस जेवन कसं, पाणी पेईन कसं? अन् कापल्यावर तरी वाचन याचा काय भरोसा? दवाखान्यासमोरच्या निंबाखाली मी जे रडायले बसली ते थांबेच ना. धनी समजावू लागले तं मी त्यायच्यावरच उलटली. माझ्या तोंडून निघून गेलं, “तुमी माडी चढले असते तं बरं झालं असतं. गोळ्या खाऊन मी वाचली तरी असती.”

धनी उठले. बैलायले कडबा टाकला, हात झटकले अन् परत आत गेले. बाहेर आले तवा हातात गोळ्यायची डबी होती. मांग डॉक्टर दारात उभे राहून चार माणसात त्यायले झाडून राहिले होते, की लाज नाही वाटली, बायकोचा गाल कापायची वेळ आणली होतीत. धन्यानं त्यायले सांगतलं होतं, मी गेलो होतो, बेलभंडार खोटा उचलला.

खरं सांगते, पहिले मले आनंद झाला. वाचली मी! गाल कापायचा नाई! त्याच्या मांगून राग आला. गावापर्यंतच्या वाटेनं मी धन्याले असं सोललं की बैलंसुद्धा कान पाडून चालत होते. माणिकच्या नावानं खोटं बोलले? पोरीचं वाटोळं करता? धनी एवढंच म्हणत, “हो, चुकलो.” शिव्या देता देता मले मधातच हसू येई. जीव वाचला की माणसाले शिव्याही गोड लागतात.

दवाखान्यात आमच्या आळीचे माणसं होते. आमची गाडी पोचायच्या आतच गावात बोभाटा झाला. पंचायनं धन्याले वाळीत टाकलं. विहिरीवर आमची घागर कोणी भरू देईना, नदीचं पाणी आणा लागे. माणिकची सोयरीक ठरत आली होती, ती मोडली. महादेवावर खोटं बोलणाऱ्याची पोर कोण करन? धन्यानं सारं मुकाट सोसलं. सकाळी उठून माझ्या हातावर गोळी ठेवत अन् मी गिळेपर्यंत उभे राहत.

गोळ्यायनं तोंडाले लाळ सुटली, दात हालू लागले, तोंडाचा वास मलेच सोसेना. डॉक्टरनं हे होईन म्हणून सांगतलंच होतं. धनी मले अंगणात उन्हात बसवून तोंडात पाहत अन् म्हणत, कमी होऊन राहिलं. पण जखमेवरून माझीच जीभ फिरत होती, तिले कोण फसवन? अन् एक दिवस वेणी घालताना जबड्याखाली बोटाले गाठ लागली.

परत अकोला. डॉक्टरनं गाठ चाचपली, हालवून पाहिली, ती हालेना. मंग खुर्चीत बसून राहिले. गोळ्या बंद करा म्हणाले. धन्याकडे पाहिलं, तं धनी खाली पाहून राहिले होते. तवा डॉक्टरले कळलं, अन् मलेही कळलं.

मले वाटलं आता डॉक्टर धन्याले फाडून खातीन. पण ते मलेच म्हणाले, “बाई, जखम मी माझ्या बोटांनी पाहिली होती. बार कुठं धरता तेही तुम्ही सांगितलं होतं. तरी मी यांच्या शब्दावर गेलो. चूक माझी.” आता कापून उपयोग नाही म्हणाले. दुखण्यासाठी अफू दिली अन् पोरीले तमाखू लावू नका म्हणून बजावलं.

गाडीत मी विचारलं, काहून सांगतलं, गेलो होतो असं. धनी म्हणाले, “तूच म्हणे, वाचली असती.”

राग करायचा म्हटला तरी करता येईना. मले त्या माणसाची अशी माया आली की त्यायच्या पाठीले डोकं लावून मी घरापर्यंत रडली.

पण रडून माणिकचं लग्न होत नसते. मी आज आहे, उद्या नाई. मांगून या बाप-लेकीले याच गावात राहा लागन, याच विहिरीचं पाणी प्या लागन. म्हणून काल मी देवळात गेली. पंच बसले होते. बाया तिथं बोलत नाईत, मी बोलली. पदरानं लाळ पुसत पुसत सांगतलं, “गरमी असती तं गोळ्यायनं गेली असती. नाई गेली. म्हणजे मले गरमी नाई, अन् माझा माणूस माडी चढला नाई. त्यायचा बेलभंडार खरा होता. मी मरून राहिली, यापरीस मोठा पुरावा कोणता पाहिजे तुमाले?”

 महादेवराव पाटील उठले, लोटा भरला अन् पायरीखाली उभ्या असलेल्या धन्याले हाक मारली. म्हणाले, “ये सूर्यभान, पाणी घे. फक्त एक वेळ तुझ्या तोंडानं सांग, गेलो नव्हतो. पोरीची सोयरीक मी जोडून देतो.”

मी धन्याकडे पाहून राहिली होती. बोला, मनात म्हणत होती, एकदाचं बोलून टाका.

धन्यानं माझ्याकडे पाहिलं. “मी गेलो होतो,” ते म्हणाले.

पाटलाले वाटलं, धन्याले नीट समजलं नाई. त्यायनं परत समजावून सांगतलं. धनी म्हणाले, “समजलं, पाटील. मी गेलो होतो. तिले गरमीच आहे. बरी होईन ते.”

पाटील लोटा घेऊन तसेच उभे राहिले. पंचायमांग उभ्या जानरावनं तोंडाले फेट्याचा शेव लावला. आमी दोघं घरी आलो.

घरी आल्यावर धन्यानं डबी उघडली. डॉक्टरनं बंद करायले सांगतलेल्या गोळ्या अजून तिच्यात होत्या. एक माझ्या हातावर ठेवली अन् पाण्याचा गडवा घेऊन उभे राहिले.

मी गिळली.