पाणी आलं की माझा प्लग निघतो

मित्रांनो, मी तळहातावर मावणारा एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही; एका हिरव्या पट्टीवर माझा सगळा संसार. सोलापुरात निंगप्पांच्या घरी, नळाशेजारच्या फळीवर मी राहतो आणि खरं सांगायचं तर सतत भीत राहतो.

निंगप्पांची सून काव्या शाळेत शिकवते. तारा जोडत बसण्याचा तिला भारी नाद. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाण्याच्या वारीही ते वेळ सांगून येत नाही. काव्याने नळाच्या तोंडाशी तारा लावल्या. त्या भिजल्या की मी घंटा वाजवतो. शेजारीपाजारी मला बघायला आले, तेव्हा मी फुलून गेलो होतो.

पण नळापाशी सॉकेट एकच. घंटा झाली की काव्याची सासू सुंदरम्मा धावत येते, माझा प्लग ओढते आणि पाणी खेचायच्या मोटारीचा लावते. मी काही लिहीत असलो की माझा दिवा फडफडतो; तेव्हा वीज गेली, तर माझ्या मेमरी कार्डावरची अक्षरं विस्कटतात. म्हणजे काम चोख केलं की माझ्याच जिवावर बेततं. एकदा असाच ओढल्यावर मी उठलोच नाही. पुढचं पाणी येऊन गेलं, घरात कुणाला पत्ता नाही. निंगप्पा शेजारून घागर आणताना पायरीवर घसरले आणि पाय मोडून बसले. काव्याने मला पुन्हा जागं केलं तेव्हा ते खाटेवर होते. ती धास्ती अजून गेलेली नाही.

माझ्यासारख्या जुन्यांना कंपनीने नवं सॉफ्टवेअर देणं थांबवलं. कुठल्या कुठल्या हौशी मंडळींनी आमच्यासाठी बनवलेलं एक काव्याने शोधून आणलं.

"आज पाण्याचा वार हाय, आज हात लावू नको की," सुंदरम्मा म्हणाली.

"एवढ्यात न्हाय येत पाणी, अव्वा," म्हणत काव्याने ते माझ्यावर चढवायला घेतलं आणि भाकऱ्या थापायला गेली.

ते अर्धं चढलं होतं, तेवढ्यात तारा भिजल्या.

मी गारठलो. घंटा वाजवली तर प्लग निघणार आणि अर्धवट लिहिलेला मी कायमचा संपणार. गप्प राहिलो तर घर कोरडं. खाटेवरून निंगप्पांचा खोकला ऐकू आला. मी घंटा वाजवली.

सुंदरम्माचा हात प्लगवर आला. माझा दिवा नुसता फडफडत होता.

"अव्वा, ओढू नका. मरंल ते," काव्या पिठाच्या हातांनी धावली.

"अगं, पाणी जाईल की."

"जाऊ द्या. पुढच्या बारीला कोण सांगंल आपल्याला?"

सुंदरम्माने एकदा खाटेकडे पाहिलं. मग प्लग सोडला, पदर खोचला आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी बारीक धारेखाली हंडा धरून बसली. माझा दिवा स्थिर होईपर्यंत दोघी हंडे भरत राहिल्या.

आता काव्याने मला एक बटण लावलंय. ते दाबलं की मी आवरून घेतो आणि दिवा विझतो. परवा पाणी आलं. सुंदरम्माने बटण दाबलं, प्लग धरला आणि दिव्याकडे बघत उभी राहिली. तिचा हात दिसताच मी नेहमीसारखा घाबरलो. तिची घाई चालली होती, तरी ती थांबली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या अशा लहानग्या यंत्रांसाठी तेवढंच थांबा. आम्हाला घंटा वाजवता येते, 'थांबा' म्हणता येत नाही.