जागेवर

सुनेने चहात साखर घालायला डबा उघडला, तर आत मिरपूड. मिरपुडीच्या डब्यात तांदूळ, तांदळाच्या डब्यात साबणाचा चुरा. बारा डबे, आणि एकही जिन्नस आपल्या जागेवर नाही.

"माल लावलाय, बाई. सही करा," सासरे म्हणाले. ते तिला ओळखत नव्हते.

कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते ते. डोळे मिटून खणात हात घातला तरी हवा तोच स्क्रू काढत. ही लग्न होऊन आली, तेव्हा तिला उठसूट सासूबाईंना विचारावं लागू नये म्हणून त्यांनीच प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती. ते उपकार ती विसरली नव्हती.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, आता त्यांना कुठेतरी ठेवावं लागेल, म्हणाला. एका संस्थेचा नंबरही त्याने शोधला.

"ठेवायला ते काय डबा आहेत?" सून म्हणाली. "परवापर्यंत शब्दकोडं सोडवत होते. माणूस असा दोन दिवसांत वेडा होत नाही. आधी दवाखाना."

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेडबीड काही नाही, रक्तातले क्षार पार विस्कटलेत. ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर मीठ कमी करायला सांगितलं होतं. सासऱ्यांचं सगळंच काटेकोर, त्यांनी ते बंदच करून टाकलं होतं. त्यांना दवाखान्यात ठेवून सलाईन लावलं. चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला नावाने हाक मारली आणि औषधाचा ट्रे नीट लावला नाही म्हणून नर्सला झापलं. सून बाहेर जाऊन पोटभर रडली. त्या झापण्याइतकं गोड तिने कधी काही ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याने मान खाली घालून वडिलांना सगळं सांगितलं, संस्थेच्या नंबरासकट. ते ऐकून उठले. स्वयंपाकघरात गेले. डबे लावणं हे काम त्यांचं, म्हणून सुनेने डब्यांना हात लावला नव्हता. त्यांनी स्टुलावर बसून एकेक जिन्नस आपापल्या डब्यात भरला, एकेक डबा फळीवर लावला. शेवटी मिठाचा हातात उरला.

"खाल्ल्या मिठाला जागलीस म्हणणार होतो," ते म्हणाले, "पण मीठ तर मीच सोडलं होतं. हा डबा तू ठेव, पोरी. तू म्हणशील ती याची जागा."

आजवर त्यांनी कुणाला जागा ठरवू दिली नव्हती. सुनेने त्यांच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं आणि डबा पूर्वी असायचा तिथेच, चिठ्ठी पुढे करून ठेवला.