दोरीवरच्या उड्या

कंदिलांची झाकणं रंगवणाऱ्या थोरलीचा हात असा, की फुलपाखरानं फसून येऊन बसावं. बापाची शिकवणच होती : एका कंदिलावरचं फूल दुसऱ्यावर दिसता कामा नये. त्या हाताच्या जोरावर तिनं खेळण्यांच्या दुकानदाराला शब्द देऊन टाकला, “फिरत्या डब्यात चित्र हलवून दाखवतो आम्ही.” बापाला विचारायच्या आधीच.

बापानं कुरकुरत का होईना, पत्र्याचा गोल डबा केला, वरच्या कडेला उभ्या फटी कापल्या आणि डबा खिळ्यावर तोलला. आत थोरलीनं चित्रांची पट्टी बसवली : दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी, दर चित्रात उडी थोडी पुढे सरकलेली. डबा फिरवून फटींतून बघितलं, की सगळ्या चित्रांची मिळून एकच मुलगी व्हायची आणि उडू लागायची.

धाकटीनं डोळा लावला.

“ताई, ही उड्या मारतेय की हिला मुंग्या चावतायत?”

थोरलीनं पाहिलं. नाक लांबत होतं, आखडत होतं. झग्यावरची फुलं किड्यांसारखी वळवळत होती. दर चित्रात तिनं मागच्याहून काहीतरी सरस केलं होतं, कुठे भुवई, कुठे झालर. एकेकटं पाहावं तर दृष्ट लागेल असं, आणि सगळी मिळून नुसता गोंधळ.

“दुकानदार जेवून येतोच आहे,” बाप म्हणाला. “सांगून टाकू, जमलं नाही. नाक माझं कापलं जाईल, तुझं काय जातंय?”

“बाबा, तुम्ही जेवून घ्या. मी बघते.”

तिनं एक साधी मुलगी काढून तो कागद खिडकीच्या काचेवर धरला, वर कोरा कागद ठेवला आणि उजेडात गिरवू लागली. तेच नाक, तोच झगा. फूल नाही, झालर नाही. हलायची ती फक्त दोरी, पाय आणि वेणी. हात सजवायला धावे, ती गुणगुणून त्याला आवरी :

दोर आला, पाय वर,
वेणी उडे खांद्यावर;
दोर गेला, पाय खाली,
वेणी पाठीवर आली.

दुकानदारानं आल्या आल्या पट्टीच बाहेर ओढली. “हे काय हो? तुमच्या पोरीचा हात म्हणून आलो मी. या तर चार रेघा.”

बापानंही पट्टी आत्ताच पाहिली. अगदी अळणी. त्याची मान खाली गेली.

“काका, हे हातात घेऊन बघायचं नसतं,” थोरली म्हणाली. पट्टी बसवून तिनं डबा बापापुढे सरकवला. “फिरवा बाबा.”

मुलगी जमिनीवरून उचलली गेली. नाक जागच्या जागी. दोर पायांखालून सुटला, वेणी खांद्यावर आली, पाठीवर गेली, पुन्हा आली. बाप फिरवतच राहिला. डबा मंदावला की बोटानं टोला देई.

दुकानदारानं कशीबशी जागा करून डोळा लावला, आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“बांधून द्या. आत्ताच नेतो.”

बापानं डबा आपल्याकडे ओढला. “बसा हो जरा. माझ्या पोरीची पोर आहे ती. दमली की न्या.”

“मग काका,” धाकटी म्हणाली, “तुम्ही घरी जा.”