एक भोक कमी

आमचे सासरे, नाना, परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. विणून आलेलं कापड उजेडात धरायचं आणि त्यातला दोष हुडकायचा, हे त्यांचं काम. एक धागा तुटका दिसला की माल परत. साहेब आडवा आला तरी परत. घरी आल्यावरही ही खोड सुटत नसे. भाकरीसुद्धा उजेडात धरून बघत. माझ्या आमटीला तर लग्नापासून एकदाही पास मिळाला नव्हता.

त्या वर्षी मी लोकरीची त्रिकोणी शाल विणायला घेतली. परळच्या उकाड्यात ती पांघरणार कोण, हे मला विचारू नका, सगळ्या चाळीनं विचारून झालं होतं. दादरला पद्मजाबाई बायकांसाठी विणकामाचा वर्ग चालवत. त्यांना हाताखाली शिकवायला एक बाई हवी होती आणि नमुना म्हणून त्यांनी जाळीची शाल मागितली होती. मला ती नोकरी हवीच होती. जिथे आमटीचा विषय निघणार नाही अशा जागी दुपारभर बसायला मिळावं, एवढीच माझी मागणी होती.

ही शाल टोकापासून सुरू होते आणि ओळीगणिक रुंद होत जाते. मधेमधे लोकर सुईवर नुसती गुंडाळायची, की तिथे भोक पडतं. अशा भोकांची मिळून छान पानं दिसतात. शाल पुरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. गिरण्या बंद. मी आणि आमचे हे मोर्चाला गेलो, नाना गुडघ्यांमुळे घरी राहिले. त्यांचे हात दिवसभर रिकामे राहणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी घोषणा देऊन घसा बसवून परतले, तर नाना दारातच शाल घेऊन उभे. चेहरा असा, की मुंबई त्यांनी एकट्यानंच मिळवली.

"सूनबाय, शालीक भोकांच भोकां होती. सगळी बुजवलंय. एक ठेवूक नाय."

खरंच ठेवलं नव्हतं. रफू इतका बारीक, की पानं गेली, जाळी गेली आणि माझ्या हातात त्रिकोणी पोतं आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज फुटेना. त्यामुळे सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा जे ऐकवलं, ते कुजबुजत ऐकवलं. भोकं मी मुद्दाम पाडली होती, हे कळल्यावर नाना खाटेवर टेकले.

"मुद्दाम?" ते म्हणाले. "आमच्या गिरणीत ह्येका दंड करतत."

दुसऱ्या दिवसापासून गिरणीतून आल्यावर नाना सुईच्या टोकानं आपलाच दोरा काढत बसले. शेजारणी बघायला येत, सल्ले देत, नाना त्यांच्या सल्ल्यांतही दोष काढत. रविवारी सकाळी शेवटचा दोरा निघाला. सवयीनं त्यांनी शाल गॅलरीच्या उजेडात धरली आणि बोटानं एकेक भोक तपासलं.

"हंय एक भोक कमी आसा."

अगदी टोकाजवळ. मीच लोकर गुंडाळायला विसरले होते. ते दुरुस्त करायचं तर अख्खी शाल उसवावी लागणार, आणि पद्मजाबाईंनी त्याच दुपारी बोलावलेलं. मी पदर डोळ्यांना लावला. दिवस गडबडीचे, एकटीनं जायचं नाही म्हणून नाना सोबत आले.

पद्मजाबाईंनी शाल उलटसुलट पाहिली. "सुरेख आहे. पण नमुना निर्दोष हवा हं. कुठे चूक नाही ना राहिली?"

मी नानांकडे पाहिलं. नानांनी शाल हातात घेतली, गिरणीच्या पद्धतीनं घडी घातली, ते टोक बरोबर आत गेलं.

"मी तपासलंय," ते म्हणाले. "माल पास आसा."

नोकरी लागली. मला इतका आनंद झाला, की रस्त्यातच रडू आलं. नाना मात्र कोपऱ्यावर थांबले आणि मागे वळले.

"सांगान येतंय. एकच भोक."

मी त्यांना पुढे घातलं. पुढच्या कोपऱ्यावर ते पुन्हा वळले. सासऱ्यांचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही. मी धरला, त्यांना ट्राममध्ये चढवलं आणि परळ येईपर्यंत सोडला नाही.